पातळ चुना

चैत्राच्या त्या दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं. निर्यातबंदीनं बराखीत अडकून पडलेल्या कांद्याचा उग्र वास, पाचटावरून उठणारी झळ, लांब घोडनदीच्या अंगाला उगाच ओरडत राहिलेली टिटवी, आणि गोठ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीशी उकिडवे बसून बादलीत चुना कालवणारे आमचे नाना.

भिंतीवर रंगवलेलं राष्ट्रवादीचं घड्याळ २०१९ चं. पाच पावसाळ्यांनी फिकटलेलं, पण काटे अजून दहा वाजून दहा मिनिटांवर. त्याला हात लावायचा नव्हता. फक्त खालचं नाव बुजवायचं होतं.

खाली होतं अमोल कोल्ह्यांचं नाव. तिथं यायचं होतं शिवाजीराव आढळरावांचं. २००४, २००९, २०१४. लोकसभेच्या तिन्ही वेळा नाना घड्याळासाठी वाड्यावस्त्या तुडवत फिरले आणि तिन्ही वेळा आढळरावांच्या धनुष्यबाणानं त्यांना मुकाट घरी पाठवलं. चौथ्या खेपेला जमलं. त्या रात्री नाना गुलालात बुडून आले, आणि कानाच्या पाळीतला गुलाबी रंग पुढं आठ दिवस निघाला नाही. काढायचाही नव्हता म्हणा.

मग पक्ष फुटला. कोल्हे तुतारीकडे राहिले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये मंचरला आढळरावांनी घड्याळ हाती घेतलं. वीस वर्षं ज्यांच्याशी उभा दावा, त्यांच्याच पाठीशी नानांचे साहेब, वळसे पाटील, उभे राहिले तेव्हा नानांपुढचा प्रश्न मिटला. साहेब जिकडे, नाना तिकडे.

पण हात जड झाला होता. कुंचला बादलीच्या काठावर निथळत राही. मोटारसायकलवरून जाणारं एक पोरगं ओरडलं, "नाना, चुना कुणाला लावताय?" एरवी नानांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. ते नुसते भिंतीकडे बघत राहिले.

तरी नवी अक्षरं त्यांनी दोरी धरून काढली. एकही काना तिरका नाही. जिथं मन नाही तिथंही हात इतका नेटका कसा राहतो, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित मन नसलं की हातालाच सगळी अब्रू सांभाळावी लागते.

प्रचारात मी त्यांच्यासोबत चार घरं फिरलो. उंबऱ्याशी उभं राहून ते म्हणत, "घड्याळाला द्या." एका म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं करत विचारलं, "अन् माणूस कोण रं?" नानांनी पाणी घटाघट प्यायलं, मिशा पुसल्या.

"घड्याळ."

एवढंच. पूर्ण महिनाभर ते नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. घाटात जुंपलेला बैल शेजारच्याला शिंग लावत नाही, पण त्याच्याकडे मानही वळवत नाही; तसं काहीतरी.

१३ मेला मतदान झालं. बोटाची शाई त्यांनी कुणाला दाखवली नाही, आम्हीही विचारलं नाही. ४ जूनला कोल्हे एक लाख चाळीस हजारांवर मतांनी निवडून आले, आणि त्याच आठवड्यात वळवाची एक जोरदार सर भिंतीवर आडवी कोसळली. सकाळी बघितलं तर नव्या नावाखालून जुनं नाव वर आलं होतं. एकाच्या वेलांटीत दुसऱ्याची मात्रा अडकलेली.

संध्याकाळी तालुक्याहून दोघं आले. चहा घेता घेता एकजण भिंतीकडे बघत म्हणाला, "नाना, यंदा मनापासून काम झालं नाही बरं का."

नानांनी बशीतला चहा फुंकला.

"चुना पातळ झाला होता."