सोनं, लाकूड, गहू

जड आणि हलकी वस्तू उंचावरून एकदम सोडल्या तर एकाच वेळी जमिनीवर पोचतात, हे वाक्य शाळेतून आलेल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. प्रात्यक्षिकांच्या तासाला मी ते वहीत लिहू देत नाही. आधी पाडून बघा, म्हणतो.

क्रिकेटचा चेंडू 160 ग्रॅमच्या आसपास, टेनिसचा 58च्या. आकार जवळपास सारखा. पाच मीटरवरून सोडले की जमिनीवर यायला सेकंदभर लागतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं, तर शेवटी क्रिकेटचा चेंडू चार-पाच बोटं पुढे असतो. ‘सर, म्हणजे ॲरिस्टॉटलचं बरोबर होतं?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. दिसलेला फरक ‘त्रुटी’ म्हणून खोडायचा नसतो, त्याचं कारण शोधायचं असतं. जमिनीजवळ दोन्ही चेंडूंचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या घरात असतो आणि हवेचा विरोधही जवळपास सारखाच. पण तो विरोध टेनिसच्या चेंडूच्या वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा आहे, क्रिकेटच्या चेंडूच्या बाबतीत चौदावा-पंधरावा. हवेत वस्तुमानानं फरक पडतो, हे स्वच्छ सांगावं. ॲरिस्टॉटल चुकला तो हिशेबात: दसपट जड वस्तू दसपट वेगानं पडत नाही. सायमन स्टेव्हिननं 1586मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका हाच होता. शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दसपट, तीस फुटांवरून खाली फळीवर सोडले, आणि दोघांचा मिळून एकच आवाज ऐकू आला. गॅलिलिओनं पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे सोडल्याची गोष्ट त्याच्या शिष्यानं, व्हिव्हियानीनं, बऱ्याच वर्षांनी लिहिली. तिच्यावर मी वेळ घालवत नाही.

गॅलिलिओच्या तरुणपणीच्या लिखाणातली एक नोंद मात्र मी आवर्जून सांगतो. लाकडाचा गोळा सुरुवातीला पुढे असतो आणि मग शिशाचा त्याला गाठतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हे वाचून अनेकांनी त्यानं प्रयोग केलाच नसावा असं मानलं. विसाव्या शतकात माणसांना असे गोळे सोडायला लावून चित्रण केलं गेलं. दोन्ही हात एकदम उघडले अशी सोडणाऱ्याची खात्री असते. पण जड गोळा घट्ट धरलेला हात किंचित उशिरा सुटतो. गॅलिलिओनं जे डोळ्यांनी पाहिलं, तेच प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

हवा काढून टाकली, हातही काढून टाकला, तरी पाडून बघणं ही परीक्षा ढोबळच राहते. समजा, गुरुत्वाकर्षणामुळे येणाऱ्या वेगवाढीत हजारात एक एवढा फरक आहे. पाच मीटरच्या पडण्यात तो जेमतेम पाच मिलिमीटर, अर्ध्या मिलिसेकंदाचा. न्यूटननं म्हणून लंबक घेतला, आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत प्रिय प्रयोग हाच. लाकडाच्या दोन सारख्या गोल पेट्या, अकरा फुटांच्या दोऱ्यांना टांगलेल्या. एकीत लाकूड, दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं. पेट्या बाहेरून सारख्या, वजन सारखं. त्यामुळे हवेचा विरोध दोघींना सारखाच नडतो आणि तुलनेतून बाद होतो. मग सोन्याच्या जागी चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहूसुद्धा!

शेजारी शेजारी सोडलेल्या या पेट्या पुष्कळ वेळ बरोबरीनं झुलत राहिल्या. लंबकात फरक साचत जातो, हे त्याचं खरं सामर्थ्य. एवढ्या लांबीच्या लंबकाला एका झोक्याला पावणेचार सेकंदांच्या आत-बाहेर लागतात. तोच हजारात एक फरक शंभर झोक्यांनंतर, म्हणजे सहा मिनिटांत, झोक्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा होतो. नुसत्या डोळ्यांना तो कळतो. 1687च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटननं हीच मर्यादा सांगितली आहे: हजाराव्या भागाइतका फरक असता तर तो दिसला असता.

इथे प्रश्नही बदलला, हे मुलांना उमगलं की मला समाधान वाटतं. वजनं मुद्दाम सारखी केली, मग तपासलं काय? गुरुत्वाकर्षण वस्तूला किती जोरानं ओढतं हे वस्तुमानावर ठरतं. ती वस्तू हलायला किती जड जाते, हेही वस्तुमानावरच ठरतं. ही दोन वस्तुमानं सोन्यात आणि गव्हात एकाच प्रमाणात का असावीत? न्यूटनच्या नियमांत याचं कारण सापडत नाही. आइनस्टाइननं ही समानता पायाशी धरली आणि तिच्यावर 1915चा व्यापक सापेक्षतावाद उभा केला. त्यामुळे ती पुढच्या दशांश स्थळापर्यंत तपासत राहणं हे माझ्या मते भौतिकशास्त्राचं कर्तव्य आहे.

बुडापेस्टच्या लोरांड ओटव्होशनं बारीक तारेला आडवी दांडी टांगली, टोकांना वेगवेगळे पदार्थ. पृथ्वी फिरते म्हणून त्यांच्यावर जडत्वाचा बाहेर ढकलणारा जोरही असतो; दोन वस्तुमानांचं गुणोत्तर वेगळं असतं, तर तारेला किंचित पीळ पडला असता. अब्जात काही भाग इतक्या बारकाईनंही तो दिसला नाही. याच मोजमापांच्या फेरतपासणीतून 1986मध्ये निसर्गातल्या चार ज्ञात बलांपलीकडच्या ‘पाचव्या बला’ची शंका निघाली, तेव्हा ती पडताळणाऱ्यांत आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले रामनाथ कौसिक आणि त्यांचे सहकारीही होते. त्यांची तुला कर्नाटकात गौरीबिदनूरला, जमिनीखाली पंचवीस मीटरवर होती. वाहनांची थरथर, दिवस-रात्रीचं तापमान, यांतलं काही तारेपर्यंत पोचू नये म्हणून. पाचवं बल काही सापडलं नाही. 2016मध्ये उडालेल्या फ्रेंच ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे दंडगोल सुमारे अडीच वर्षं पृथ्वीभोवती पडत राहिले. 2022च्या अंतिम निकालानुसार, एकावर पंधरा शून्यांएवढ्या भागांत दोन-तीन भागांपर्यंतही फरक नाही.

प्रतिद्रव्यही असंच पडतं का, हे तपासण्याचं काम मात्र आत्ता कुठे सुरू झालंय. सर्नच्या ‘अल्फा’ गटानं 2023मध्ये प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकीय सापळ्यातून हळूहळू सोडले आणि ते वर नव्हे, खालीच जातात हे दाखवलं. ते किती वेगानं पडतात याच्या मोजमापात अजून वीस-पंचवीस टक्क्यांची अनिश्चितता आहे. न्यूटनच्या दोरीला टांगलेल्या पेट्यांची अचूकता गाठायलाच तिथे अजून शेकडो पटींचं काम बाकी आहे.