बीट अंमलदार

पोलीस ठाण्याची हद्द बीटांत वाटलेली असते. शहरात एका बीटात काही वस्त्या येतात, ग्रामीण भागात काही गावे येतात, आणि त्यांची जबाबदारी एखाद्या हवालदाराकडे नाहीतर सहायक फौजदाराकडे असते. हाच बीट अंमलदार. समन्स-वॉरंट बजावणे, पासपोर्टची पडताळणी, यात्रेचा बंदोबस्त, तडीपारांवर नजर ही त्याची कामे नोंदवहीत दिसतात. माणसे ओळखण्याचे काम तिथे दिसत नाही, कारण त्यासाठी रकानाच नाही. कोणत्या दोन भावांनी बोलणे टाकले आहे, कोणत्या मंडळाचे शेजारच्या मंडळाशी वाकडे आहे, कोणाच्या घरातला मुलगा अलीकडे रात्री उशिरा परततो, हे त्याला तक्रार येण्याआधीच ठाऊक असावे लागते.

गावात या कामाला पोलीस पाटलाची जोड असते. वतनदार पाटीलकी संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद नव्याने उभे राहिले. नेमणूक प्रांताधिकारी करतात, पगाराऐवजी मानधन मिळते. पद छोटे, अडचण मोठी. ज्याची खबर सकाळी ठाण्यात द्यायची, त्याच्याच ओट्यावर संध्याकाळी बसायचे असते. जाणता बीट अंमलदार म्हणूनच पाटलाचे नाव चारचौघांत काढत नाही.

कसब खरे दिसते ते अदखलपात्र तक्रारीत. बांध कोरला, शिवीगाळ केली, सांडपाणी दारात सोडले अशा बहुतेक तक्रारींत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ठाणे अंमलदार ‘एनसी’ नोंदवतो, कोर्टात दाद मागण्याची समज देतो, आणि कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे थांबतो. भांडण मात्र थांबत नाही. पुढच्या पेरणीला तोच बांध कुऱ्हाडीपर्यंत जातो. दोन दिवसांनी सहज आल्यासारखे त्या बांधावर जाऊन उभे राहणारा अंमलदार तपास करत नसतो, तरी दोन्ही घरांना कळायचे ते कळते. नाहीच कळले तर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई आहे, शांतता राखण्याचे बंधपत्र आहे. पण कागद आधी काढला की चहा मागे पडतो, हेही अनुभवी लोक जाणून असतात. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातले तंटे गावातच मिटवण्याला सरकारी चौकट दिली. मात्र बक्षिसाची रक्कम समोर असली की तंटा कागदावरच मिटवण्याचा मोहही होतो.

शहरातले सर्वांत बोलके उदाहरण भिवंडीचे. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या होत्या. त्यानंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या पूर्वीही असत. पण त्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित, बैठक ठाण्यात, तीही सण तोंडावर आला की. खोपडे यांच्या समित्या वस्तीतच बसल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही धर्मांची साधी माणसे त्यांत होती आणि बोलणे दंगलीचे नसून नळाचे, गटाराचे, नवरा-बायकोच्या भांडणाचे असे. अशा बैठकीला शिपाई नियमाने जाऊन बसला की अफवा उठेल त्या रात्री कोणाचे दार ठोठावायचे हे त्याला विचारावे लागत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईनेही १९९४ मध्ये हा मार्ग धरला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी तिथे मोहल्ला समित्यांना बळ दिले.

पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत वाद पेटला, आणि तोही नव्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून. गोळीबारात दोघे मेले, जमावाने दोन पोलिसांना ठार केले. ओळखीला गंज चढतो. ती चालू ठेवली तरच उपयोगी पडते.

चालू ठेवणे अवघड, कारण माणसे बदलतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार शिपाई-हवालदारांचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ ५ वर्षांचा, ठाण्यातल्या निरीक्षकाचा २ वर्षांचा. त्यातही सण, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे यांचे बंदोबस्त महिन्यातले कितीतरी दिवस खातात. बदलीच्या वेळी प्रलंबित समन्स, अर्ज, चौकशीची प्रकरणे मोजून सोपवली जातात. ओळखी मोजता येत नाहीत. काही जुने हवालदार मग नव्या माणसाला मोटारसायकलच्या मागे बसवून दोन दिवस बीटात फिरवतात : पोलीस पाटलाकडे, मशिदीच्या विश्वस्तांकडे, मंडळाच्या अध्यक्षाकडे, नाक्यावरच्या पानवाल्याकडे. प्रत्येक ठिकाणी चहा होतो, नाव सांगितले जाते, मोबाइल नंबर दिला-घेतला जातो, आणि परतताना जुना हवालदार गाडीवरूनच मागे वळून सांगतो, कोण काय बोलला नाही ते.