दोन गणवेश

वाशी हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बालाघाटच्या पठारावर ते वसले आहे. इथला पाऊस बेताचाच. त्यामुळे आभाळाकडे पाहण्याची सवय इथल्या माणसांना लहानपणापासूनच असते. मोठी माणसे ढगांसाठी वर पाहतात, आणि मुले विमानासाठी. संध्याकाळी शाळा सुटावी, माळावरच्या पायवाटेने मुले घरी निघावीत, आणि एकाएकी कुणीतरी थबकून बोट वर करावे! फार उंचावर एक चंदेरी ठिपका चाललेला असतो. त्याच्यामागे खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटते. आवाज मात्र मागाहून रेंगाळत येतो.

मग वादविवादाला प्रारंभ होतो. हे विमान लढाऊ की प्रवासी? लढाऊ असेल तर मुलांचे डोळे चमकतात. प्रवासी असेल तर ती थोडी हिरमुसतात. त्यांच्या कल्पनेतला खरा वैमानिक म्हणजे शिरस्त्राण घातलेला, शत्रूवर झेप घेणारा वीर. प्रवासी विमानाचा चालक त्यांना एसटीच्या चालकासारखा वाटतो. वेळेवर सुटायचे आणि वेळेवर पोहोचायचे. त्यात कसला आला आहे पराक्रम?

परंतु त्या चंदेरी ठिपक्यात बसलेला माणूस एके काळी लढाऊ विमानच चालवीत असण्याचा पुष्कळ संभव असतो. हवाई दलात पंधरा-वीस वर्षे घालवून अनेक वैमानिक प्रवासी विमानांकडे वळतात. ते का वळतात, वळताना त्यांच्या मनात काय येते, आणि वळल्यावर त्यांना काय नव्याने शिकावे लागते, हे समजून घेतले तर मुलांचा तो वाद कदाचित निराळ्या रीतीने सुटेल.

भारतात ही दोन्ही आकाशे जवळजवळ एकाच वेळी उघडली. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची विधिवत स्थापना झाली. त्यानंतर अवघ्या एका आठवड्याने, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका चिमुकल्या विमानातून कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून ते टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले नेव्हिल विंटसेंट यांनी. हे विंटसेंट मूळचे ब्रिटिश हवाई दलातील वैमानिक. भारतात हवाई टपालसेवा काढावी ही योजना टाटांपुढे मांडणारे तेच. म्हणजे आपल्या देशातील पहिल्या हवाई मार्गावर सैनिकी गणवेश उतरवून आलेला एक वैमानिक प्रथमपासूनच होता. ही वाट अशी जुनी आहे.

जुनी असली, तरी ती सोपी नाही. हवाई दलातील अधिकारी चाळिशीच्या उंबरठ्यावर येतो, तेव्हा त्याच्यापुढे एक तराजू उभा राहतो. एका पारड्यात त्याचे पथक असते, सहकारी असतात, पहाटेच्या धुक्यात धावपट्टीवर घेतलेल्या भराऱ्यांच्या आठवणी असतात, आणि देशाला दिलेला शब्द असतो. दुसऱ्या पारड्यात घर असते. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. मुलांच्या शाळा बदलतात. म्हातारे आईवडील दूर गावी एकटे राहतात. शिवाय जसजसा हुद्दा वाढतो तसतसे उड्डाण कमी होते. हातात विमानाच्या दांड्याऐवजी कागदपत्रांचे गठ्ठे येतात. ज्याने उडण्यासाठीच हा व्यवसाय पत्करला, त्याला मेज आणि खुर्ची हा तुरुंग वाटू लागतो. वीस वर्षांची सेवा पुरी झाली की अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. नेमक्या त्याच सुमारास प्रवासी विमान कंपन्यांची दारे त्याला खुणावू लागतात. तेथे वेतन अधिक असते, हे खरे. पण पुष्कळांना त्याहून मोठे आकर्षण असते ते आणखी वीस वर्षे आकाशात राहता येण्याचे.

याची दुसरी बाजूही आहे. एक लढाऊ वैमानिक घडविण्यास देशाला अनेक वर्षे लागतात आणि अपार धन वेचावे लागते. तो ऐन अनुभवाच्या वयात निघून गेला, तर त्याची जागा कोणी घ्यावी? म्हणूनच मुदतीपूर्वी सेवा सोडण्यासाठी परवानगी मागावी लागते, आणि ती दर वेळी मिळतेच असे नाही. वैयक्तिक इच्छा आणि देशाची गरज यांचा हा झगडा आहे. त्यात एक पक्ष सर्वस्वी बरोबर आणि दुसरा सर्वस्वी चूक, असे म्हणता येत नाही.

वाशीच्या माणसांना हा झगडा अगदीच अपरिचित नाही. पाऊस हुलकावणी देतो तेव्हा घराला कुलूप लावून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे या भागात आहेत. जमीन सोडताना त्यांचा जीव तुटतो, तरी मुलाबाळांसाठी ती निघतात. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला जवान बँकेच्या दाराशी पहारा करताना अनेक गावांत दिसतो. त्याने देश सोडला, असे कुणी म्हणत नाही. त्याच्या ताठ कण्यावरून आणि लखलखीत बुटांवरून त्याचा पहिला गणवेश ओळखू येतोच.

प्रवासी विमानाकडे आलेल्या वैमानिकाला मात्र जुन्या मानमरातबाचा विसर पाडावा लागतो. त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. नागरी उड्डाणाचे नियम, हवामानशास्त्र, दिशादर्शन यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. वैद्यकीय तपासणीतून जावे लागते. मग विमानाच्या कक्षात तो बसतो तो उजव्या आसनावर, सहवैमानिक म्हणून. डावे आसन कप्तानाचे. काल ज्याच्या शब्दासरशी पथक हलत होते, त्याला आज वयाने धाकट्या कप्तानाच्या सूचना ऐकाव्या लागतात. ज्याला हे जड जाते, त्याने तो मार्ग धरू नये हेच बरे.

याहूनही खोल असा एक फरक आहे. लढाऊ विमानात वैमानिकाच्या पाठीशी हवाई छत्री असते. विमान हाताबाहेर गेले तर आसनासकट बाहेर फेकले जाऊन तो जीव वाचवू शकतो. प्रवासी विमानात प्रवाशांना हवाई छत्री नसते, आणि वैमानिकालाही नसते. जे त्यांचे होईल ते त्याचे. पाठीमागे कोणी लग्नाला निघालेला असतो, कोणी औषधोपचारासाठी, कोणाच्या मांडीवर तान्हे मूल झोपलेले असते. या साऱ्यांनी त्याचे नावही न विचारता आपले प्राण त्याच्या हाती सोपविलेले असतात. रणांगणावर धोका पत्करणे हे शौर्य ठरते. इथे धोका टाळणे हेच कौशल्य ठरते. उतरण्याची स्थिती जराही बिघडली तर हट्ट न धरता विमान पुन्हा वर उचलावे आणि आकाशात आणखी एक फेरी मारावी, असा प्रवासी वैमानिकांचा नियम आहे. त्यात कमीपणा नाही. परंतु ज्याला आयुष्यभर ‘पुढे चला’ हेच शिकविलेले असते, त्याला ‘मागे फिरा’ हे शिकणे नेहमीच सोपे नसते.

दीपक वसंत साठे हे ही वाट चाललेले एक मराठी वैमानिक. नागपूरच्या साठे कुटुंबात सैनिकी परंपरा होती. वडील सैन्यात अधिकारी होते. एक बंधूही सैन्याधिकारी होते, आणि ऐन तारुण्यात, सेवेत असतानाच, त्यांचा अंत झाला. दीपक यांनी पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिक्षण घेतले. १९८१ साली हवाई दलाच्या प्रबोधिनीतून बाहेर पडताना त्यांना मानाची तलवार मिळाली. तुकडीतील सर्वांगीण उत्कृष्ट छात्रालाच हा बहुमान लाभतो. त्यांनी लढाऊ विमाने चालविली आणि चाचणी वैमानिक म्हणूनही काम केले. सुमारे बावीस वर्षांच्या सेवेनंतर, २००३ साली, विंग कमांडर या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. पुढे एअर इंडियात आणि नंतर एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये त्यांनी प्रवासी विमाने चालविली. दोन्ही गणवेशांत मिळून त्यांच्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे आकाशात गेली.

२०२० साली करोनाच्या साथीने जगाचे दळणवळण थांबले. परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणण्यासाठी सरकारने ‘वंदे भारत’ मोहीम सुरू केली. त्या काळी विमानात पाऊल टाकणे म्हणजे रोगाशी गाठ घेणे होते. तरीही वैमानिक जात होते. वयाच्या साठीला टेकलेले कप्तान साठे त्यांपैकीच एक होते.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन त्यांचे विमान केरळातील कोळिकोड येथे आले. तेथील धावपट्टी टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली आहे. तिच्या टोकाशी जमीन खाली उतरते. संध्याकाळची वेळ होती आणि पाऊस कोसळत होता. पहिला प्रयत्न सोडून वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेले. दुसऱ्या वेळी ते धावपट्टीवर टेकले, पण थांबू शकले नाही. टोक ओलांडून ते खाली कोसळले आणि दुभंगले. कप्तान साठे आणि त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमार यांच्यासह २१ जण या अपघातात दगावले. विमानाने पेट मात्र घेतला नाही. आसपासचे गावकरी पावसाची आणि रोगाची तमा न बाळगता धावून आले. जखमींना त्यांनी आपल्या वाहनांतून रुग्णालयांत पोहोचविले. बाकीचे प्रवासी वाचले.

या अपघाताचा चौकशी अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. विमान ठरलेल्या जागेच्या बरेच पुढे जाऊन टेकले. उतरण्याची स्थिती स्थिर नसता ते पुन्हा वर न्यावयास हवे होते, ते नेले गेले नाही, असे त्यात म्हटले आहे. व्यवस्थेतील उणिवांकडेही अहवालाने बोट दाखविले आहे. हे वाचताना मन जड होते. एवढ्या अनुभवी, एवढ्या सन्मानित माणसाच्या हातूनही असे घडावे? पण विमानविद्येचे हेच कठोर सत्य आहे. आकाश कोणाची तलवार पाहत नाही, आणि कोणाची मागील पुण्याई मोजत नाही. दर उड्डाण हे पहिलेच उड्डाण असते. अहवाल लिहिले जातात ते कोणाला दोष देण्यासाठी नव्हे, तर पुढच्या वैमानिकाने सावध व्हावे म्हणून. म्हणून साठे यांच्या दीर्घ सेवेचा आदर करावा आणि त्या अहवालातील धडाही विसरू नये. एकासाठी दुसऱ्याचा त्याग करण्याचे कारण नाही.

याच वाटेवरचे दुसरे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. चेस्ली सलेनबर्गर हेही प्रथम तेथील हवाई दलात लढाऊ वैमानिक होते. १९८० साली त्यांनी ती सेवा सोडली आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे प्रवासी विमाने चालविली. या तीस वर्षांत जगाला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यू यॉर्क येथून विमान वर चढते न चढते तोच रानबदकांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. विमानतळापर्यंत पोहोचणे शक्य नाही हे ओळखून त्यांनी विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरविले. विमानातील १५५ जणांपैकी प्रत्येकजण वाचला. सारे बाहेर पडल्यावर, कोणी मागे तर राहिले नाही ना, हे पाहण्यासाठी ते पाणी शिरत असलेल्या त्या विमानात दोन वेळा चालत गेले, आणि मगच बाहेर आले.

शत्रू नव्हता, तोफा नव्हत्या, रणवाद्ये नव्हती. तरी त्या तीन-चार मिनिटांत लागले ते धैर्य कोणत्याही सैनिकाला शोभावे असेच होते. हवाई दलात अंगी बाणलेली शिस्त आणि प्रवासी विमानावरील तीस वर्षांचा निमूट सराव, हे दोन्ही त्या क्षणी एकत्र आले. पहिला गणवेश उतरला होता, पण त्याने शिकविलेले काही उतरले नव्हते.

सैन्यात राहणारा वैमानिक श्रेष्ठ की प्रवाशांना नेणारा, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. एक सीमेचे रक्षण करतो, तर दुसरा विश्वासाचे. एकाने राहण्याचा निर्णय घेतला तर त्याला त्याची किंमत द्यावी लागते, आणि दुसऱ्याने जाण्याचा घेतला तर त्यालाही. माणसाची परीक्षा निर्णयाच्या दिवशी होत नाही. ती त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी होत असते.

वाशीच्या माळावर आता अंधार उतरू लागलेला असतो. ती पांढरी रेघ विरघळून आभाळात नाहीशी झालेली असते. ठिपका केव्हाच दिसेनासा झालेला असतो. त्यातला वैमानिक मूळचा कोठला, याचा पत्ता मुलांना लागणार नाही, आणि खाली कोणी हात हलविले हे त्यालाही कळणार नाही. पण कोठेतरी दूर, दिव्यांच्या दोन रांगांमध्ये, तो आपले विमान अलगद टेकवील. प्रवासी सामान उचलून घाईघाईने निघून जातील. बहुतेकजण त्याच्याकडे वळूनही पाहणार नाहीत. त्यांना वळून पाहण्याचे कारणच पडू नये, यातच त्याच्या उभ्या आयुष्याच्या विद्येचे सार्थक आहे.