दोन बाइट्सचे अंतर

१/ नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आला. निनटेंडोच्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. सोलापूरच्या एका घरात दोन भाऊ त्यावर मारिओ खेळत. थोरला लाल मारिओ, धाकटा हिरवा लुइजी. मारिओचा एक जीव गेल्याखेरीज लुइजीची पाळी येत नसे, आणि थोरला सहजासहजी मरत नसे.

२/ तीस वर्षांनी धाकट्याने संगणकावर त्याच खेळाची फाइल उघडली. लुइजीचा सदरा निळा करावा, एवढाच हेतू होता. त्याने एक बाइट बदलली. सदरा निळा झाला. पण केस, मिशा आणि बूटही निळे झाले. असे का झाले, याचे उत्तर १९८३ सालच्या जपानमध्ये सापडते.

३/ १५ जुलै १९८३ रोजी निनटेंडोचे फॅमिकॉम बाजारात आले. त्यावरील चित्रे ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांतून रचली जात आणि रंग होते सुमारे ५४. प्रत्येक ठिपक्याचा रंग थेट नोंदवायचा, तर एका चौकोनाला ४८ बाइट्स लागल्या असत्या. त्या काळी मेमरी महाग होती.

४/ म्हणून चित्रात रंग ठेवलाच नाही. ठेवले ते ० ते ३ हे क्रमांक. कोणत्या क्रमांकाचा रंग कोणता, हे एका लहानशा तक्त्यात लिहिले. हाच पॅलेट. चौकोन १६ बाइट्समध्ये मावला. हलत्या आकृत्यांसाठी, म्हणजे स्प्राइटांसाठी, असे चारच तक्ते होते. त्यांत ० म्हणजे पारदर्शक. उरले तीन रंग.

५/ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. अवघा खेळ ४० किलोबाइटचा; चित्रांच्या वाट्याला ८, म्हणजे ५१२ चौकोन. त्यामुळे आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच आहे. पांढऱ्या तक्त्यात तो ढग, हिरव्या तक्त्यात ते झुडूप.

६/ लुइजीचा जन्मही असाच. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’ या आर्केड खेळात दुसऱ्या खेळाडूसाठी मारिओचेच चित्र वेगळ्या रंगात दाखवले गेले. स्वतःचा देह नसलेला हा भाऊ होता.

७/ पुढे त्याला तो मिळाला. १९८६ च्या जपानी उत्तरभागात लुइजी मारिओहून उंच उडी मारू लागला. १९८८ च्या अमेरिकी ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये तो उंच आणि सडपातळ झाला. २००१ मध्ये ‘लुइजीज मॅन्शन’ हा त्याच्या नावाचा खेळ आला.

८/ आता निळ्या मिशांकडे. तीन रंगांत अख्खा माणूस बसवायचा होता. एक रंग टोपीला आणि विजारीला, एक कातडीला. केस, मिशा, सदरा आणि बूट यांना मिळून तिसरा. मूळ खेळात लुइजीच्या मिशा हिरव्याच आहेत. धाकट्याच्या ते कधी लक्षात आले नव्हते.

९/ फाइलमध्ये दोघा भावांचे तक्ते एकाखाली एक आहेत. हेक्स पद्धतीत मारिओचा २२, १६, २७, १८. लुइजीचा २२, ३०, २७, १९. २२ हा आकाशाचा निळा. लालाच्या जागी पांढरा, तपकिरीच्या जागी हिरवा, एवढाच फरक. कातडीचा २७ दोघांचा एकच. थोरला आणि धाकटा यांच्यात दोन बाइट्सचे अंतर.

१०/ त्याखाली तिसरा तक्ता आहे: २२, ३७, २७, १६. आगीचे फूल मिळाले की हा लागू होतो, आणि तो दोघांनाही सामाईक आहे. फूल मिळालेला मारिओ आणि फूल मिळालेला लुइजी दिसायला तंतोतंत सारखे. धाकट्याला हे ठाऊकच नव्हते. फुलापर्यंत पोहोचण्याइतके त्याचे जीव टिकत नसत.

११/ त्याने १९ पुन्हा जागेवर ठेवला. मिशा हिरव्या झाल्या. मग थोरल्याला फोन करून रविवारी खेळायला बोलावले. पहिला रिमोट कोणी घ्यायचा, हे अजून ठरलेले नाही.