हिरव्या अक्षरांतलं ‘नॉर्मल’

तो कागद मी अजून फाडलेला नाही. ह्यांच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीचा. उंची १६३ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, बीएमआय २३.३ आणि पुढे हिरव्या अक्षरांत ‘नॉर्मल’.

त्या पॅकेजात उपाशीपोटीची साखर फक्त बीएमआय २५ च्या वरच्यांची करत. मी सोबत होते. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, “सासूबाईंना साखर होती, सासऱ्यांनाही. ह्यांची बघा ना.” तिनं तक्ता पुढे केला. “काकू, काका तर शिडशिडीत आहेत. कशाला उगाच?” हातपाय काडीसारखे होते हे खरं. पण शर्टाचं पोटावरचं बटण ताणलेलं होतं, ते कुणाला दिसलं नाही? कमरेला टेप लावायला कितीसा वेळ लागतो? मी पैसे भरायलाही तयार होते. मागे रांग वाढली. हे म्हणाले, “चल, नॉर्मल म्हणतायत ना.” आणि मी निघाले. ते निघणं अजून छळतं.

तीन वर्षांनी पायाची जखम भरेना, तेव्हा साखर निघाली २८०.

पुढे वाचत गेले तसा राग वाढला. २५ ची रेघ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आखलेली. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा ठरवला. कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. म्हणजे हे २३ च्या रेघेच्या पलीकडेच होते. ह्यांची तपासणी झाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी!

घरात आई-वडिलांना साखर असेल, तर तक्ता काहीही सांगो, तपासणी मागून घ्या. हट्टानं मागा.

गेल्या वर्षी लेकीचा अहवाल आला. बीएमआय २३.४, लाल अक्षरांत ‘ओव्हरवेट’. रोज पोहणारी पोर रात्रीचं जेवेना. आणि जी रेघ खाली आणा म्हणून मी भांडत होते, तिच्यावरच चिडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनाही आशियात धोक्याचा आकडा कुठे २२, कुठे २५ असा वेगवेगळा आढळला होता. मग माझ्या लेकीला एका आकड्यात कसं बसवता?

टेपनं तिची कंबर मोजली. ७२ भरली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन गेलेच.