वरोऱ्याचे हात

"दिवाळी अंकासाठी एखादे प्रवासवर्णन पाठवा," असा संपादकांचा निरोप आला आणि मी हात टेकले. प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे काश्मीर तरी पाहिलेले हवे, नाहीतर लंडनच्या धुक्यात एखादी छत्री तरी हरवलेली हवी. मराठीच्या प्राध्यापकाचा प्रवास घरापासून कॉलेजपर्यंत, आणि फार तर उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रापर्यंत. पण यंदा पावसाळा सरता सरता मी एक प्रवास केला खरा: चंद्रपूरहून वरोऱ्याला. एस.टी.ने सव्वा तासाची वाट. मला मात्र ती कापायला बावीस वर्षे लागली. ते कसे, ते शेवटी सांगतो. हातचे थोडे राखून बोलण्याची सवय आम्हा मास्तर मंडळींना असतेच.

निमित्त घडले ते वर्गात. पहिल्या वर्षाला मी वाक्प्रचार शिकवीत होतो. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न म्हणजे मराठीच्या पेपरातला सगळ्यांत निरुपद्रवी प्रश्न. त्या वर्गात सिरोंच्याकडची एक मुलगी आहे. प्राणहिता ओलांडली की पलीकडे तेलंगण. त्यामुळे घरी तेलुगू आणि शाळेत मराठी, अशा दोन भाषांत ती वाढली. परकी भाषा शिकणाऱ्याला जे दिसते ते त्या भाषेच्या धन्याला दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. या मुलीने वहीत शरीराच्या एकेका अवयवाचे पान केले होते. नाकाचे एक पान, कानाचे एक पान. हाताची मात्र तीन पाने भरली होती. ती उभी राहून म्हणाली, "सर, मराठी माणसाला एवढे हात कशाला लागतात?"

वर्ग हसला. मीही हसलो. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "आणि ज्याच्या हाताला बोटंच नसतील, त्यानं वाक्यात उपयोग कसा करायचा?" वर्ग पुन्हा हसला. या वेळी मला हसू आले नाही. मी विषय बदलला, तास संपल्यावर तिची ती तीन पाने उतरवून घेतली आणि पुढच्या रविवारी वरोऱ्याची गाडी धरली.

गाडीत खिडकीशी बसून मी ती यादी वाचू लागलो. हात देणे, हात पसरणे, हात झटकणे, हात आखडता घेणे, हात चोळत बसणे. हातावर तुरी देणे, हात धुऊन मागे लागणे, हातघाईवर येणे. हातावर पोट असणे, हातातोंडाशी आलेला घास जाणे. वैद्याच्या हाताला गुण, सुगरणीच्या हाताला चव आणि लाचखाऊचे हात ओले. गणितातसुद्धा आपण दहाचा एक 'हातचा' धरतो. 'हात दाखवणे' हे ज्योतिषापुढे एक, पैलवानापुढे दुसरे, आणि एस.टी. महामंडळाने 'हात दाखवा, एस.टी. थांबवा' म्हणून त्याला तिसराच अर्थ दिला, जो भद्रावतीच्या अलीकडे एका म्हातारीने माझ्या डोळ्यांदेखत वाक्यात वापरून दाखवला. गाडी थांबली.

ही खोड काही मराठीचीच नव्हे. 'हातावर पोट' याला इंग्रज 'हातापासून तोंडापर्यंत' म्हणतो, आणि त्याच्या कारखान्यात मजुरांना नुसते 'हात' म्हणायची रीत होती. हात मोजायचे, बाकीचा माणूस मोजायचा नाही. उदार माणसाला तुर्की भाषेत 'हात उघडा असलेला' म्हणतात, आणि कंजुषाला 'हात घट्ट असलेला'. आपण 'सढळ हात' म्हणतो, तोच हा भाव. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की साऱ्या भाषांनी हाताकडून काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. त्याला पाच बोटे असतील, ती मिटतील आणि उघडतील, आणि पोळले तर तो मागे येईल. या गृहीतावर सगळा शब्दकोश उभा आहे.

वरोरा आले. बाहेरच्या वाचकाला हे गाव चटकन ओळखू यायचे नाही. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचे, कापसाच्या व्यापाराचे, उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणारे तालुक्याचे ठिकाण. 1870 च्या दशकात इथे सरकारी कोळशाची खाण चालू झाली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे इथवर आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती खाण बंद पडली, रूळ राहिले. पण आज वरोऱ्याचे नाव कोळशासाठी कोणी काढीत नाही. ते काढतात गावाबाहेरच्या एका माळासाठी. त्या माळाचे नाव आनंदवन.

ती हकीगत महाराष्ट्राला पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हिंगणघाटला 1914 साली जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे वरोऱ्यात वकिली करीत होते. नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि भंग्यांचे दुःख कळावे म्हणून स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेत. आपल्याला कशाचीच भीती नाही असा त्यांचा समज होता. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला भिजत पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी त्यांना दिसला. झडलेली बोटे, वळवळणारे किडे. बाबा घाबरून तिथून निघून गेले. मग परत फिरले, त्याला आसरा दिला, आणि अखेरपर्यंत त्याचे सारे केले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. पुढे कलकत्त्याला जाऊन बाबांनी या रोगाचे शिक्षण घेतले. 1951 च्या जूनमध्ये साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर ते पन्नास एकरांच्या खडकाळ जमिनीवर राहायला आले. विंचू, साप आणि झुडपे यांचे ते रान होते. पाणी नव्हते. विहीर खणायची होती, आणि खणणाऱ्या हातांना धड बोटे नव्हती.

ती विहीर खणली गेली. इथेच मला वाटते मराठी शब्दकोशाला पहिला धक्का बसला. 'हात पसरणे' हा वाक्प्रचार ज्यांच्यासाठीच जणू घडवलेला, देवळाच्या पायरीवर ज्यांची जागा ठरलेली, त्यांच्या हाती कुदळ आली. हात मागण्यासाठी नाहीत, मारण्यासाठी नाहीत, घडवण्यासाठी आहेत, असा आशय बाबांच्या एका घोषणेत आहे. पसरलेला हात आणि दिलेला हात दिसायला सारखेच. फरक तळवा वर की खाली एवढाच. पण तो तळवा उलटा करायला आयुष्य लागते.

आणि गावाला तो उलटा झालेला तळवा लगेच मानवला असे नाही. माळावर भाजी पिकली, बाजारात आली, पण महारोग्याच्या हातची भाजी घेणार कोण? 'हाताला चव' म्हणणारी आपली भाषा इथे तोंडात मारल्यासारखी गप्प बसली. पुढे पन्नाशीच्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे देशोदेशीचे स्वयंसेवक इथे येऊन राहिले, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी इमारती बांधल्या, त्यांच्यातच जेवले. परक्या देशातली शिकलेली माणसे बिनदिक्कत जेवतात हे पाहून गावाची भीड हळूहळू चेपली. आपल्या अंगणातल्या गोष्टीवर आपला विश्वास बसायला पाहुण्याची साक्ष लागते, हेही आपल्या स्वभावाला धरूनच झाले.

आज आनंदवनात शिरले की प्रथम जाणवते ती सावली. माग आहेत, सुतारकाम आहे, शेती आहे, दवाखाना आहे. गावाच्या मुलांना शिकता यावे म्हणून साठीच्या दशकात काढलेली महाविद्यालये आहेत. अंध मुलांची शाळा आहे आणि मूकबधिर मुलांची. या दुसऱ्या शाळेतली दोन पोरे झाडाखाली हातांनी भांडत होती. म्हणजे मारामारी नव्हे, शब्दशः हातांनी बोलत भांडत होती. मराठीत आपण 'हातवारे करणे' म्हणतो ते नापसंतीने. इथे तीच भाषा होती, आणि शिव्याही तिच्यातच असाव्यात, कारण एकाने काहीतरी बोट नाचवले आणि दुसरा तोंड फिरवून निघून गेला.

एका ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ वालाच्या शेंगा सोलीत होते. मी नमस्कार केला. "या सर, बसा. चहा घेता ना?" चहा आला. माझा पेला मी उचलला आणि पोळले म्हणून झटकन खाली ठेवला. काकाजींच्या पेल्याला फडके गुंडाळलेले होते.

"तुमाले कळलं," ते हसून म्हणाले. "मले कळत नाई. म्हणून हे फडकं."

"दुखत नाही का हात?"

"दुखत नाई सर, थेच तं दुखणं हाय."

या एका वाक्यात त्यांनी मला वैद्यकाचे पुस्तक वाचून दाखवले. कुष्ठरोगाने बोटे झडतात हा आपला समज खरा नाही. 1873 साली नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचा जंतू शोधला. हा जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो. हाताची संवेदना जाते, बोटे आत वळतात. मग चटका बसतो, काटा रुततो, जखम चिघळते, आणि माणसाला पत्ता नसतो. वेलोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी असल्या हातांवर शस्त्रक्रिया करता करता हेच दाखवून दिले की बोटे खाणारा रोग नव्हे, वेदनेचा अभाव आहे. 'एकदा हात पोळला की माणूस शहाणा होतो' असे आपण म्हणतो. ज्याला पोळल्याचे कळतच नाही त्याने शहाणे व्हायचे कसे? तर डोळ्यांनी. रोज रात्री काकाजी दिव्याखाली आपले हात पाय निरखून पाहतात, कुठे फोड आहे का, कुठे ओरखडा आहे का. आपले हात इतक्या काळजीने मी कधी पाहिलेले नाहीत.

त्यांचा रोग केव्हाच बरा झालेला. गेलेली संवेदना तेवढी परत आली नाही. 1980 च्या दशकापासून जी एकत्रित औषधे मिळू लागली, त्यांनी हा रोग सहा महिने ते वर्षभरात पुरता बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. वेळेवर घेतली तर बोट वाकतसुद्धा नाही. तरी अंगावरचा बधिर चट्टा लपवणारी माणसे आजही आहेत. कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणे 2019 साली बंद केले; घराघरांतला कायदा बदलायला वेळ लागतो.

काकाजींनी तीसेक वर्षे माग चालवला. दोरी बोटांत धरवत नसे, तेव्हा ती मनगटाला अडकवून. लग्न इथेच झाले, बायकोही इथलीच. "दोनाचे चार झाले," मी सवयीने म्हणालो आणि जीभ चावली. काकाजींना त्यात काही वावगे वाटले नाही. "चार तं झाले," ते म्हणाले, "बोटं दोघांचे मिळून अकरा." आणि स्वतःच खदखदून हसले. मी मनातल्या मनात त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर लिहून घेतले: वाक्यात उपयोग असा करायचा.

आता ते बावीस वर्षांचे. मी तेव्हा एम.ए.ला होतो. मे महिन्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत आम्ही मित्र गेलो होतो. पाट्या उचलल्या, गाणी म्हटली, जग बदलण्याचा निश्चय केला. परतताना आनंदवन पाहिले. तिथे एका माणसाने आमचे स्वागत करायला हात पुढे केला. वाकलेली, आखूड झालेली बोटे. माझ्या पुढच्या मित्राने तो हात हातात घेतला. माझी पाळी आली, आणि मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. कोणाला काही कळले नाही. नमस्कार म्हणजे आपली संस्कृती! त्या माणसाला मात्र कळले. त्याने आपला हात मागे घेतला आणि माझ्यासारखाच नमस्कार केला, मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून.

'हात जोडणे' याचे दोन अर्थ मी वर्गात शिकवतो: वंदन करणे, आणि 'नको बाबा' म्हणून सुटका करून घेणे. दोन्ही अर्थ एका नमस्कारात मी त्या दिवशी साधले होते. तुळशीरामाला पाहून बाबाही प्रथम पळालेच होते. ते मात्र लगेच परत फिरले. मी पदवी घेतली, नोकरी धरली, दर वर्षी हाताचे वाक्प्रचार शिकवले, आणि परत फिरायला बावीस वर्षे लावली. तो माणूस कुठे असेल? मी चौकशी केली नाही. नावच विचारले नव्हते, तर कशाच्या आधारे करणार?

निघताना बाबांना जिथे 2008 साली पुरले त्या झाडांकडे जाऊन आलो. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दहन केले नाही, मातीला दिले. परत ओसरीशी आलो तर काकाजी उठून उभे राहिले होते. सवयीने माझे दोन्ही हात छातीशी येऊ लागले. मी ते खाली घेतले, आणि उजवा पुढे केला. त्यांचा हात उबदार होता, खरखरीत होता, कष्टकरी माणसाचा असतो तसा होता. माझा स्पर्श त्यांना कळला नसणार, हे पुढच्या क्षणी ध्यानात आले. पण ते माझ्या हाताकडे बघत होते. डोळ्यांनी त्यांना तो पोचला असावा.

सोमवारी वर्गात मी त्या मुलीची वही परत मागितली आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी माझ्या हाताने एक भर घातली: 'हातात हात घेणे'. तिने विचारले, "सर, अर्थ?" मी म्हटले, "अर्थ सोपा आहे. वाक्यात उपयोग तेवढा वरोऱ्याला जाऊन करायचा."