वेगळं होणं म्हणजे तोडणं नव्हे

आपल्याकडे 'तो वेगळा झाला' हे वाक्य कौतुकानं कुणी उच्चारत नाही. भावांची चूल वेगळी होवो, दुकानातली भागी मोडो किंवा कव्वालीच्या पार्टीतला साथीदार निघून जावो, लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'भांडण कशावरून झालं?' भांडणाशिवायही माणूस वेगळा होऊ शकतो, हे आपल्याला पटतच नाही.

म्हणून जस्टिन व्हर्नन या अमेरिकन गायकाची गोष्ट मला सांगावीशी वाटते. विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर या गावचा हा मुलगा. तिथल्या मित्रांसोबत त्याचा 'डीयारमंड एडिसन' नावाचा बँड होता. बँडचं नावही त्याच्याच मधल्या नावांवरून घेतलेलं. २००५ साली सगळे मिळून नशीब आजमावायला दूर नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात गेले. वर्षभरातच संगीताच्या वाटा जुळेनाशा झाल्या आणि २००६ मध्ये बँड फुटला. त्याच सुमारास त्याचं प्रेमही तुटलं आणि आजारपणानं त्याच्या लिव्हरला गाठलं. तो गावाकडे परतला आणि हिवाळाभर वडिलांच्या रानातल्या लाकडी घरात एकटाच राहिला.

तिथं त्यानं जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवून गाणी रेकॉर्ड केली. बँडमध्ये तो खालच्या, भारदस्त पट्टीत गायचा. इथं मात्र उंच, पातळ आवाजात गायला आणि तोच आवाज एकावर एक चढवत गेला. एकटा माणूस, पण ऐकताना वाटतं कोरस आहे. मला भाषाशिक्षक म्हणून सगळ्यात भावली ती त्याची शब्द लिहिण्याची पद्धत. आधी नुसते अर्थहीन ध्वनी गायचे, मग ते पुन्हा पुन्हा ऐकून त्यांतून शब्द शोधायचे. उर्दू माध्यमातली मुलं मराठी शिकतात तेव्हाही असंच होतं. आधी कानात चाल बसते, अर्थ मागाहून येतो. पण त्यासाठी थोडा एकांत लागतो. वर्गात सगळ्यांसोबत मोठ्यानं म्हणणारं मूल स्वतःचा उच्चार ऐकतच नाही.

ती गाणी त्यानं 'बॉन इव्हेर' या नावानं २००७ मध्ये स्वतःच काढली. पुढच्या वर्षी ती जगभर पोहोचली आणि २०१२ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले. मागे राहिलेल्या तिघांनी 'मेगाफॉन' नावाचा आपला वेगळा बँड उभा केला. त्या तिघांपैकीच एक, ब्रॅड कुक, पुढे २०१९ च्या बॉन इव्हेरच्या अल्बमच्या निर्मितीत व्हर्ननसोबत होता. एकट्यानं सुरू केलेल्या त्या नावामागे पुढे पुन्हा वाजवणाऱ्यांचा ताफा उभा राहिला. बँड मोडला, दोस्ती टिकली.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या याच वळणावर आहे. वरातीत वाजवणाऱ्या बँजो पार्टीत तो कीबोर्डपासून ढोलकपर्यंत हाती येईल ते वाजवायचा. आता पार्टी सोडून घरी स्वतःची गाणी तयार करतो. जुने साथीदार सलामाचं उत्तरही देत नाहीत. 'सर, मी गद्दारी केली का?' त्यानं विचारलं.

मी म्हटलं, बेटा, स्वतःचा आवाज शोधणं गद्दारी नाही. पण पार्टीच्या पैशातून घेतलेला ऑक्टोपॅड तुझ्या घरात पडून आहे, तो आधी पोहोचव. दोन लग्नांची बयाणा रक्कम तुझ्या नावावर आहे, तिचा हिशोब दे. आणि सीझनमध्ये त्यांना माणूस कमी पडला, तर एक रात्र वाजवायला जा.

ऑक्टोपॅड तो देऊन आला. एकानं चहा पाजला, बाकीचे गप्प बसले. माझ्या मते, सुरुवात म्हणून एवढं पुष्कळ आहे.